घरी राहिलेलं भावंड

महात्मा फुले योजना, रेशनकार्ड, रेल्वेची सवलत हे सगळं या आठवड्यात घेऊ असं म्हटलं होतं, ते पुढच्या लेखांकात. मध्येच माण तालुक्यातल्या एका आत्याबाईंचं पत्र आलं आणि कागदपत्रांपेक्षा ते मला तातडीचं वाटलं. भाऊ-भावजय सहा वर्षांच्या मुलाला घेऊन उपचारासाठी मुंबईत परळला गेलेत. रक्ताचा कॅन्सर. नऊ वर्षांची भाची आत्याकडे. पत्रातलं एक वाक्य असं: ‘पोरगी काही बोलत नाही, फक्त विचारते, त्याच्या पायावरचे डाग गेले का?’

ताप नाही, इंजेक्शनं नाहीत, डागच का?

ल्युकेमियात, म्हणजे या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, अस्थिमज्जेत बिघडलेल्या पेशींची गर्दी होते आणि चांगल्या पेशी तयार व्हायला जागा उरत नाही. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घटतात आणि साधा धक्का लागला तरी अंगावर निळेकाळे डाग उठतात. बऱ्याच घरांत आजाराची पहिली खूण हीच असते. ते डाग बघून घरातली मोठी माणसं काय म्हणतात? ‘कुठं पडलास? कुणी मारलं तुला?’ आणि त्या वेळी दाराआड बहीण उभी असते. दोनच दिवसांपूर्वी सायकलवरून तिची-त्याची झोंबाझोंबी झालेली असते. मग दवाखाना, मग साताऱ्याचा दवाखाना, मग मुंबई. हा हिशोब नऊ वर्षांचं मूल एकट्यानं मांडतं आणि त्याचं उत्तर कुणाला सांगत नाही.

या मुलीच्या मनात हेच आहे असं मी इथून छातीठोकपणे म्हणणार नाही. पण भावंडांची मारामारी होत नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून आत्याबाई, तिला ‘तुला असं वाटतं का गं?’ असं खोदून विचारू नका, ती नाहीच म्हणेल. सरळ सांगा. ‘डाग मारामुळं आले नाहीत. त्याच्या रक्तातली एक गोष्ट कमी झाली होती म्हणून आले. तू त्याला ढकललं असतंस किंवा नसतंस, आजार झालाच असता.’ आणि हे एकदा सांगून सोडू नका. आठ दिवसांनी पुन्हा सांगा, भांडी घासता घासता सांगितलं तरी चालेल. पाहुणेमंडळी ‘कुणाची नजर लागली’ असं बोलायला लागली, तर मात्र त्यांना तिथंच थांबवा.

दुसरी भीती लागण होण्याची. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मुलांना सांगितलं की पटतं. घोटाळा होतो तो आजारी मूल सुट्टीवर घरी येतं तेव्हा. ‘लांब बस, मास्क लाव, हात धुऊन ये.’ ऐकणाऱ्याला वाटणारच की हे लागणारं दुखणं आहे. खरं तर धोका उलट्या दिशेनं असतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी खाली गेलेली असते की शाळेतून आलेल्या साध्या कांजिण्याही त्याच्या जिवावर बेतू शकतात. आणि कांजिण्या तर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. वर्गात कुणाला आल्याचं कळलं तर अंगावर काही उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ही बातमी आणायचं काम बहिणीलाच द्या. वर्गातली खडान्‌खडा खबर तिच्याकडे असते, आणि भावासाठी तेवढं करता आलं तर तिलाही बरं वाटेल.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर पल्स पोलिओच्या रविवारी आशाताईंना आधी सांगा की या घरात केमो चालू असलेलं मूल आहे. तोंडावाटे देतात त्या थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो निरोगी मुलाच्या विष्ठेतून काही आठवडे बाहेर पडत राहतो. अशा घरात डॉक्टर इंजेक्शनवाटे देण्याची लस सुचवतात. लस टाळायची नाही, प्रकार बदलायचा.

तिसरा प्रश्न ‘मला कोण बघणार?’ हा मुलं हट्टातून विचारतात. या आजाराचे उपचार बहुतेक मुलांत दोन-अडीच वर्षं चालतात, त्यातले पहिले काही महिने कडक. ‘आई लवकर येईल’ हे खोटं आठवड्यात उघडं पडतं. त्यापेक्षा ‘दिवाळीपर्यंत तू माझ्याकडे, वेणी मी घालणार, शाळेत मामा सोडणार’ असं ठरलेलं सांगा. वर्गशिक्षकांनाही कल्पना द्या. व्हिडिओ कॉलचा मात्र वेगळाच त्रास असतो. स्टेरॉइडमुळे मुलाचा चेहरा गुटगुटीत होतो, भूक अनावर लागते, रात्री दोन वाजता भात मागतो आणि आई उठून करून देते. पडद्यावर बहिणीला दिसतो तो गाल वर आलेला, खेळण्यांच्या ढिगात बसून खाणारा भाऊ. ‘त्याचं तर मजेत चाललंय’ असं तिनं म्हटलं तर रागावू नका, जे दिसतं तेच ती बोलते. ते औषधानं आलेलं बाळसं आहे, एवढं समजावून सांगा.

काही आजारांत भावंडाला थेट उपचारात ओढलं जातं. 1968 मध्ये मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी एका तान्ह्या मुलाला अस्थिमज्जा दिली, ती त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीची. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. (अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला, वरच्या थेंबांवरून आठवलं.) सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे तपासलेल्या बहुतेक भावंडांचं उत्तर ‘जुळत नाही’ असंच येतं, आणि त्यांना ते परीक्षेत नापास झाल्यासारखं लागतं. रिपोर्ट यायच्या आधीच सांगून ठेवायला हवं की हे जन्मतः ठरलेलं असतं, यात कुणी कमी पडत नाही.

जुळलं, तर दात्या मुलाशी बोलायला आजारी मुलाच्या डॉक्टरांखेरीज वेगळा माणूस असावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2010 मध्ये सुचवलं. मला ते शंभर टक्के पटतं. ज्याला भावाला वाचवायचंय, तो बहिणीची बाजू कशी मांडणार? आपल्याकडे हे काम बहुधा वॉर्डातली सिस्टर किंवा समाजसेवा विभागातली ताई करते. कमरेच्या हाडातून भूल देऊन मज्जा काढतात, काही दिवस ती जागा ठणकते, काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते, हे ती सांगते. सुईबद्दल मुलं फार विचारत नाहीत. भूल द्यायची म्हणून सकाळपासून उपाशी राहायचं, यावर मात्र त्यांची मोठी तक्रार असते.