कावीळ : पिवळेपणा कशाचा आणि काळजी कशाची?



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात आम्हाला एक प्रश्न हटकून विचारला जातो. घरात कावीळ झाली आहे, उसाचा रस किती द्यावा? ऊस आपला, रस आपला, तेव्हा प्रश्नही आपल्याकडेच येणार. त्याचे उत्तर आम्ही देणार आहोतच, पण आधी कावीळ म्हणजे काय ते समजून घेऊ.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. मग त्या मोडीत निघतात आणि त्यांच्यातल्या लाल द्रव्यापासून एक पिवळे द्रव्य तयार होते. त्याला बिलिरुबिन म्हणतात. हे प्रत्येकाच्या अंगात रोजच तयार होते. रक्तावाटे ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जाते. लिव्हर त्यावर प्रक्रिया करून पित्ताबरोबर ते आतड्यात सोडते. शौचाला रंग येतो तो यामुळेच. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीनच्या वर गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. म्हणजे कावीळ हा स्वतः रोग नव्हे. आत कुठेतरी काही तुंबले आहे, याची ती खूण आहे.

आता यार्डात गाड्या तुंबल्या तर आपण काय म्हणतो? मिल बंद पडली. पण दरवेळी तसेच असते असे नाही. कधी एकाच दिवशी ऊस फार येतो. कधी मिलचाच बिघाड असतो. आणि कधी साखर तयार असते, पण गोदाम भरल्यामुळे पोती बाहेर काढायला वाट नसते. काविळीचेही तसेच. मलेरिया, सिकलसेल अशा आजारांत तांबड्या पेशी भराभर फुटतात, तेव्हा माल जास्त होतो. विषाणूंमुळे, दारूमुळे, काही औषधांमुळे लिव्हरच बिघडते. आणि पित्ताच्या नळीत खडा किंवा गाठ अडकली तर वाटच बंद होते. अशा वेळी लघवी गडद, शौच पांढुरके मातीसारखे, आणि अंगाला खाज सुटते. रक्ताच्या रिपोर्टात ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असे दोन आकडे असतात ते हा घोळ ओळखण्यासाठीच. नुसता एकूण आकडा पाहून घाबरू नये, आणि निर्धास्तही राहू नये. काही लोकांत हा आकडा जन्मभर थोडा जास्त असतो आणि त्यांना काही होत नाही.

आपल्या भागात मात्र जास्त करून गाठ पडते ती पाण्यातून येणाऱ्या काविळीशी. हिचे विषाणू दोन, ‘ए’ आणि ‘ई’. (‘बी’ आणि ‘सी’ पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून, दूषित सुईतून येतात. ‘बी’ची लस बाळाला जन्मल्यावर २४ तासांत टोचून घ्यावी.) डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेचे पात्र पुरानंतर सरकले आणि नाल्याची घाण पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत आली होती. क्लोरीन वाढवूनही कावीळ थांबली नाही. त्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यांच्या तपासणीतून १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी, अमेरिकन शास्त्रज्ञांच्या बरोबरीने, हा ‘ए’ किंवा ‘बी’ नव्हे, वेगळाच विषाणू असल्याचे दाखवले. तोच पुढे ‘ई’ ठरला. दिल्ली लांब वाटत असेल तर २०१२ चा उन्हाळा आठवा. आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यातल्या इचलकरंजीत याच विषाणूने हजारो माणसे आजारी पडली.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो, गावाचे नाव घेत नाही. एका सभासदाची सून आठव्या महिन्यात होती. डोळे पिवळे दिसले. घरच्यांनी माळ घालणाऱ्याकडे नेले, पथ्य पाळले, आठ दिवस माळ लांबत होती म्हणून सगळे खूश. नवव्या दिवशी पोरगी असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा जीप करून सोलापूरला नेली. ती वाचली, बाळ वाचले नाही. घरचे लोक प्रेमळच होते हो, हयगय कुणी केली नव्हती. नंतर चौकशीत कळले, महिन्यापूर्वी गावात गटारीजवळ नळाची पाइप फुटली होती. ‘ई’ काविळीत घाण पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली तर शंभरात वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात.

माळेचे म्हणाल तर ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर उतरणारा पिवळा रंगही झाडपाल्याच्या रसाचा. पाण्यातली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि नाव माळवाल्याचे होते. डाग देणे तर मुळीच नको. त्याने जखम चिघळते, दुसरे काही होत नाही.

आता रस. त्यात साखर आणि पाणी आहे. अन्न जात नसेल तर त्याने अंगात थोडी शक्ती राहते, इतकेच. तो लिव्हरचे औषध नाही. घरी ऊस धुऊन, स्वच्छ भांड्यात काढला तर खुशाल द्या. साखरेचा आजार असेल तर देऊ नका. रस्त्यावरच्या रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणाला ठाऊक? त्या ग्लासातून कावीळ जायच्या ऐवजी यायची.

गुंगी, सतत उलट्या, रक्तस्राव, पोटात तीव्र दुखणे, थंडी वाजून ताप, यातले काही दिसले किंवा बाई गरोदर असली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळ जन्मल्यापासून २४ तासांत पिवळे झाले तरी तसेच. उन्हात ठेवून वाट पाहू नका.

एक विनंती टोळ्यांसाठी. ऊसतोड मजुरांच्या कोप्या आपल्याच रानात असतात आणि ते आपल्याच पाटाचे, विहिरीचे पाणी पितात. टी.सी.एल. पावडर ग्रामपंचायतीकडून घ्या. पिशवी उघडी राहिली तर तिचा जोर जातो, हे ध्यानात ठेवा. गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून भागत नाही. आधी पाणी निवळू द्या, गाळा, मग पावडर टाकून अर्धा तास थांबा. टोळीत गरोदर बाई असेल तर तिच्यापुरते पाणी खळखळून उकळून द्यायला मुकादमाला सांगा. जळणाला चिपाडे आणि पाचट रानात आहेच.