खोगीरभरती, पण कामाची

पुण्याहून गोव्याला निघालं की साताऱ्यापर्यंत प्रत्येक मोटारसायकल चांगली असते. कराडला मनगटं कुरकुरायला लागतात, कोल्हापुरात बूड बधिर होतं आणि आंबोलीचा घाट उतरेपर्यंत, शोरूममध्ये जिच्यावर जीव जडला होता त्याच गाडीचा राग यायला लागतो. स्पोर्ट टूरर नावाची जात याच रागातून जन्माला आली. शर्यतीच्या गाडीचं इंजिन आणि चारधामला निघालेल्या माणसाची बैठक, अशी ही तडजोड आहे. तडजोड म्हटली की कुठे ना कुठे खुपतंच. त्यामुळे अशी गाडी घेतलेला माणूस पहिले सहा महिने ती चालवतो आणि पुढची सहा वर्षं ती आपल्या मापाची करत बसतो. मी सध्या चौथ्या वर्षात आहे.

अक्षरं तीच, अर्थ नवा

1976 साली बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस आणली. ताकद 70 हॉर्सपॉवर. पण लोक थांबून बघायचे ते पुढचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं कवच. हँडलवर न टांगता थेट चेसिसला पक्कं केलेलं, हान्स मुथ यांनी डिझाइन केलेलं आणि इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये घासूनपुसून ठरवलेलं. नावातलं ‘आरएस’ म्हणजे मुळात रेनश्पोर्ट, शर्यत. पुढे त्याच दोन अक्षरांचा अर्थ रायझेश्पोर्ट, म्हणजे प्रवासी स्पोर्ट, असा लावला जाऊ लागला. अक्षरं तीच ठेवून अर्थ बदलण्याची कला फक्त आपल्या राजकीय पक्षांनाच येते असं मला वाटायचं.

वाऱ्याशी झटापट मात्र त्याही आधीची. इटलीतल्या मोटो गुत्सीने कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लो गावातल्या कारखान्यात 1950 सालीच अख्खी मोटारसायकल मावेल असं विंड टनेल बांधलं होतं. अमेरिकेत 1971 मध्ये क्रेग वेटर यांनी ‘विंडजॅमर’ हे फेअरिंग विकायला काढलं. गाडी कुठल्याही कंपनीची असो, वेटरकडून कवच आणायचं आणि लावायचं. गाडी घेतल्यावर वरून खर्च करून सुख विकत घेण्याची सवय लोकांना लागली, त्यात या माणसाचा मोठा हात आहे.

उंच काच, जास्त त्रास

फेअरिंगच्या काचेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे जितकी उंच तितकी बरी. मीही उंच काच आणली. खंबाटकीच्या अलीकडे नव्वदचा वेग पकडला आणि डोक्यावर कुणीतरी ताशा वाजवायला घेतला. हेल्मेट डावी-उजवीकडे नुसतं थडथडत होतं. मूळच्या बुटक्या काचेत हे नव्हतं, तिथे वारा छातीवर यायचा पण सरळ यायचा.

कारण ऐकलं तर साधं आहे. काचेवरून गेलेला वारा तिच्या वरच्या कडेला फुटतो आणि त्याचे भोवरे होतात. बुटक्या काचेचे भोवरे छातीवर येतात, उंच काचेचे नेमके हेल्मेटवर. शिवाय काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बाजूचा वारा ती जागा भरायला आत घुसतो. उपाय असा की काचेच्या खालून थोडी हवा मुद्दाम आत येऊ द्यायची. ओळखीच्या मेकॅनिकने काचेचे चार बोल्ट सैल केले, प्रत्येकाखाली एकेक जाडसर रबरी वॉशर सरकवला आणि लांब बोल्ट आवळले. काच जेमतेम बोटभर पुढे आली. खर्च चाळीस रुपये. ताशा थांबला. चार हजारांची काच चाळीस रुपयांनी वळणावर आली, हे घरी सांगितलेलं नाही.

काचेचं माप घेण्याचं जुन्या रायडर मंडळींचं तंत्रही सांगून ठेवतो. बसल्यावर काचेची कड साधारण नाकाच्या रेषेत हवी, म्हणजे नजर काचेवरून गेली पाहिजे, काचेतून नाही. युरोपातल्या कोरड्या दिवसांत हा चोखंदळपणा वाटेल. जुलैत ताम्हिणीत जा. धुकं, पाऊस, समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे आणि काचेवर ओघळणारं पाणी हे सगळं एका वेळी दिसायला लागलं की नाकाची रेषा आपोआप आठवते.

आणि आवाज! शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत जो गोंगाट असतो तो इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो, आणि तो नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. दिवसभराच्या प्रवासानंतर डोकं जड होतं ते निम्मं यामुळे. मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घालून एकदा साताऱ्यापर्यंत जाऊन या. पूर्ण बहिरेपणा येत नाही, हॉर्न ऐकू येतो. विकत मिळणारी सर्वांत स्वस्त चैन हीच.

आता बुडाकडे वळू

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी माणसांसाठी वापरतो. मूळ अर्थ शब्दशः आहे: घोड्याच्या खोगिरात भरायच्या चिंध्या नि लोकर. ज्याने कुणी या भरतीला फालतू ठरवलं, तो घोड्यावरून फार लांब गेला नसावा.

अमेरिकेत ‘आयर्न बट असोसिएशन’ नावाची संस्था आहे. नावाचं सभ्य भाषांतर होत नाही, ‘लोखंडी बूड’ म्हणू. त्यांची सगळ्यात प्राथमिक परीक्षा म्हणजे ‘सॅडलसोर 1000’: चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे 1,609 किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला पोहोचूनही काही अंतर उरतं. त्याच्या वरची ‘बन बर्नर गोल्ड’: तितक्याच वेळात पंधराशे मैल. भारतातही ही प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली बरीच मंडळी आहेत. या लोकांच्या गाड्या जवळून पाहाव्यात. सीटवर मेंढीचं कातडं नाहीतर चक्क लाकडी मण्यांची चटई! हो, तीच, जी मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीत ड्रायव्हरच्या पाठीमागे असायची. मण्यांमधून हवा खेळते, घाम साचत नाही. आपले टॅक्सीवाले हे कधीपासून जाणून होते, फक्त त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

हवा भरायच्या गाद्यांची गोष्ट आणखी मजेदार. ‘एअरहॉक’ नावाची, छोट्या छोट्या फुग्यांची गादी जगभरचे रायडर वापरतात. ती बनवणारी ‘रोहो’ ही इलिनॉयमधली कंपनी मुळात व्हीलचेअरसाठी गाद्या करते, सतत बसून राहणाऱ्या रुग्णांच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून. तीच विद्या महामार्गावर आली. नवशिके तिच्यात टम्म हवा भरतात आणि मग चेंडूवर बसल्यासारखे डुलतात. हवा इतकीच हवी की बूड सीटपासून जेमतेम सुटलं पाहिजे.

मेमरी फोमचा उगम तर अंतराळ खात्यातला. 1966 मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामासाठी, विमानातल्या गाद्या अपघातात जास्त सुरक्षित व्हाव्यात म्हणून तो तयार केला. पण त्याच्यावर तापमानाचा फार परिणाम होतो. थंडीत कडक, उन्हात मऊ. मे महिन्यात नागपुरात पार्क केलेल्या गाडीवर बसलात तर तो लगेच हार मानतो, आणि लेहमध्ये पहाटे साडेपाचला त्याचा पाट होतो.

माझा स्वतःचा भरवसा पुण्याच्या नाना पेठेवर. तिथे सीट करणाऱ्या दादांनी कव्हर उसवलं, उघड्या फोमवर मला बसवलं आणि म्हणाले, “साहेब, आता हलायचं नाही. मोबाइल बघा, काही करा, पण हलायचं नाही.” दहा मिनिटांनी उठवलं. फोमवर दोन खळगे पडले होते, एकमेकांपासून चार बोटांवर. माणूस बसतो तो मांसावर नाही, या दोन हाडांवर. दादांनी खडूने दोन वर्तुळं काढली, तेवढाच फोम कापून तिथे दुसरा, जास्त घट्ट फोम बसवला. घट्ट, मऊ नाही! मऊ गादीत हाडं रुततात आणि तळाच्या प्लास्टिकला टेकतात. मग पुढचा उतार त्यांनी थोडा तासून सपाट केला, कारण दर ब्रेकला मी टाकीवर सरकत होतो आणि दोन्ही मनगटांनी स्वतःला मागे ढकलत होतो. मी हँडल बदलायच्या विचारात होतो. दुखणं हाताचं आणि औषध बुडाला.

हातांना मुंग्या

तरी हँडल उंच करायचंच असेल तर राइझर मिळतात, पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत. लावल्यावर एक गोष्ट न विसरता करा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे पूर्ण. इंजिनाचा आवाज चढला तर एक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. ब्रेकची नळी ताठ होत असेल तर ती लांब घ्या नाहीतर राइझर काढा. घाटात यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून रेस व्हायला लागली की आरामाचा विषय तिथेच संपतो.

चार सिलिंडरच्या गाडीत थरथर बारीक असते, हातात मुंग्यांसारखी. हँडलच्या टोकाला ते जे वजनदार ठोकळे असतात ते शोभेचे नाहीत, थरथर मारायला असतात. काही हौशी लोक हँडलच्या पोकळ नळीत शिशाचे छर्रे भरतात. आणि मोबाइल हँडलवर लावणाऱ्यांसाठी: सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलनेच जाहीर सूचना काढली की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. लावायचाच तर खाली रबरी डँपर असलेला होल्डर घ्या.

काही चिल्लर

होंडाची एसटी 1100 पॅन युरोपियन 1990 ची. टाकी 28 लिटरची. आज लिटरला शंभर धरले तरी एका टाकीला 2,800 रुपये.

पाठीवरची पाण्याची पिशवी आणि तोंडाशी येणारी नळी: टेक्सासमध्ये 1989 साली एका सायकल शर्यतीत मायकल आइडसन या पॅरामेडिकने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, मोज्यात घातली आणि पाठीवर लटकवली. त्यातून ‘कॅमलबॅक’ निघाली. विदर्भात उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी या माणसाचा फोटो लावायला हरकत नाही.

सामानाच्या जगप्रसिद्ध ‘गिव्ही’ पेट्या: इटलीतल्या ब्रेशिया भागातल्या जुसेप्पे विझेन्सी या माजी शर्यतपटूने 1978 मध्ये कंपनी काढली. गिव्ही म्हणजे त्यांचीच आद्याक्षरं. पेट्या उत्तम, फक्त त्या हँडलपेक्षा रुंद असतात हे लक्षात राहत नाही. टोलनाक्यावर दुचाकींना पैसे पडत नाहीत, पण कडेच्या त्या अरुंद गल्लीतून जाताना माझ्या डाव्या पेटीकडून वसूल झाले आहेत.

डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही 4 मध्ये 2020 च्या अखेरीस पुढे आणि मागे रडार आलं. समोरच्या गाडीपासून अंतर राखत ती वेग आपोआप कमी-जास्त करते. आपल्याकडे ते अंतर दिसलं की त्यात रिक्षा शिरते.

आणि आपली चाकणची डॉमिनार 400. बजाजने 2021 मध्ये तिला उंच काच, हँडगार्ड, मागचं कॅरिअर, पाठटेका आणि यूएसबी सॉकेट कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. जे लोक बाहेरून जमवत होते ते कंपनीने पाहिलं आणि घेतलं. शहाणपण आहे.

टूलकिटमधला अनोळखी पाना

सीटखालच्या टूलकिटमध्ये एक वाकडा, आकड्यासारखा पाना असतो. बहुतेकांच्या गाडीत त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसतं. तो मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग घट्ट-सैल करायचा. मागे बायको आणि दोन बॅगा बसल्या की गाडीची शेपूट खाली जाते, नाक वर होतं, हेडलाइट थेट झाडांच्या शेंड्यावर पडतो आणि समोरचे ट्रकवाले डिपर मारून आपल्या सात पिढ्या काढतात. स्प्रिंग दोन खाचा घट्ट करा, दिवा रस्त्यावर येतो, वळणावर गाडी सरळ जाऊ पाहत नाही. फुकटचं काम आहे, पाच मिनिटांचं, आणि लोक त्याऐवजी नवा एलईडी बल्ब घेतात.

कायदा आणि थट्टा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार करायचा नाही. सीटचा फोम त्या प्रमाणपत्रात नसतो, इंजिन असतं. सायलेन्सरबद्दल बोलायलाच नको, फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवताना पोलिसांचे फोटो पेपरात येतात ते पाहिलेच असतील.

थट्टा दुसरीच आहे. जर्मन ऑटोबानसाठी घडवलेली ही गाडी आपल्याकडे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चालत नाही. समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही, वांद्रे-वरळी सी लिंकवरही नाही. दुचाकींना बंदी. सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू के 1600 असली तरी जुन्या हायवेने, कामशेतच्या ट्रॅक्टरमागून. म्हणून आपल्याकडे टॉप स्पीडपेक्षा सीटचा फोम महत्त्वाचा. चाळीसच्या वेगाला अंतर तेवढंच राहतं, बसायचं मात्र दुप्पट.

एक शेवटची विनंती. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सीट करायला जाल, तेव्हा मागे जो कुणी बसणार आहे त्यालाही सोबत न्या आणि त्याच्याही हाडांची वर्तुळं खडूने काढून घ्या. मी एकटाच गेलो होतो. मागची सीट दोनदा उसवावी लागली.