मोठे चाक, उंच गाडी

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावीही एका नव्या धाटणीची मोटार दिसू लागली आहे. अंगाने जीपसारखी उंच, पण आतून साधी मोटारच. बहुतेकींची पुढची चाकंच तेवढी गाडी ओढतात. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. पावसाळ्यात शेताची वाट पार होईना, की हौशी तरुण ती गॅरेजात नेतो, स्प्रिंगांपाशी चकत्या घालून उंच करून घेतो आणि मोठे टायर चढवतो. गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. पण टायरबरोबर आणखी काय काय बदलते?

मोठ्या चाकाचा गुण बैलगाडीवाल्याला सांगायला नको. लहान चाक ज्या खड्ड्यात बसते, तो मोठे चाक सहज ओलांडते. प्रश्न आहे हिशेबाचा. टायरवर २१५/६५ आर १६ असे आकडे असतात. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरांत. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ६५. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावं. चाकाचा व्यास येतो सुमारे ६८६ मिलिमीटर. त्याजागी २३५/७० आर १६ घातला तर ७३५. वाढ झाली ४९ मिलिमीटरांची. पण टायरमुळे गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम एक इंच!

चाक आता एका फेऱ्यात सात टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटर बिचारा फेरेच मोजतो. आधी काटा बिनचूक होता असे धरले, तर तो ६० दाखवील तेव्हा गाडी ६४ ने धावत असेल. ब्रेकची गोष्ट याहून महत्त्वाची. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ पकडतो, जमीन चाकाला कडेला धरते. कड लांब गेली की तेवढ्याच दाबाने गाडी कमी अडते, आणि मोठा टायर वजनालाही जड. घाट उतरताना, मागे पोरंबाळं बसलेली असताना, हा फरक कळतो. चढावर इंजिनाची ओढही याच कारणाने कमी पडते.

उंच केल्याने टायरला जागा होते, ब्रेकला बळ येत नाही. उलट भार वर गेल्याने वळणावर गाडी जास्त कलते. चाकाकडे जाणारे दांडे तिरके होतात. त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात, ग्रीस गळते, धूळ शिरते. गॅरेजच्या सपाट फरशीवर टायर कुठे घासत नाही म्हणून समाधान मानू नका. माणसं बसवून, एक चाक दगडावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते फिरवून पाहा.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, निर्मात्याच्या मापांपासून गाडी वेगळी करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

मग चिखलाचं काय? ठरल्या मापाचाच, पण खोल नक्षीचा टायर घ्यावा. रुतण्याच्या जागी हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर जमिनीवर लांब पसरतो व पकड वाढते. त्या वेळी गाडी अगदी सावकाश हाकावी. आणि डांबरी सडक लागताच हवा पुन्हा पुरी भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. पायपंप गाडीतच ठेवावा.