उन्हाळ्यातील बोन्साय : आधी मुळे सांभाळावीत

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूचा उन्हाळा एकेकाळी सौम्य मानला जाई. २८ एप्रिल २०२४ रोजी मात्र तेथे ३८.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये पाणीटंचाईमुळे बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई झाली. दंड ५,००० रुपये होता. गच्चीवर वर्षानुवर्षे जोपासलेल्या वड, पिंपळ व चिंचेच्या बोन्सायपुढे अशा वेळी दुहेरी संकट उभे राहते.

जमिनीतील वृक्षाची मुळे खोल गारव्यात पसरतात. बोन्सायची मुळे उथळ कुंडीतील थोड्याशा मातीतच असतात. तापलेल्या गच्चीवर ही माती सर्व बाजूंनी तापते. म्हणून कुंडी विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी, कडेने ओले गोणपाट गुंडाळावे आणि वर ५० टक्के सावलीची जाळी बांधावी. सकाळचे कोवळे ऊन मात्र मिळू द्यावे.

पाणी पहाटे, तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत द्यावे. माती सुकल्यास सायंकाळी पुन्हा द्यावे. तांदूळ-भाज्या धुतलेले, मीठ वा साबण नसलेले पाणी चालते. दुपारी पाने मलूल दिसल्यास आधी बोटाने माती तपासावी. ती ओली असल्यास पाणी न देता झाड सावलीत हलवावे; अतिरिक्त पाण्याने मुळे कुजतात. या काळात खत देणे, कुंडी बदलणे व मुळांची छाटणी टाळावी.

पाने गळाली तरी झाड लगेच टाकून देऊ नये. साल नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवी दिसल्यास नवी पालवी फुटण्याची आशा असते.