वैयक्तिक संगणकाच्या संचालन प्रणालींचा इतिहास

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून दोहोंचा समन्वय साधणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस संचालन प्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. स्मृतीचे वाटप करणे, फायली साठवणे, कळफलक व पडदा यांच्याशी व्यवहार करणे आणि कोणत्या आज्ञावलीने प्रोसेसर किती वेळ वापरावा हे ठरवणे ही तिची मुख्य कामे होत. मोठ्या संगणकांसाठी अशा प्रणाली १९५० व १९६० च्या दशकांतच अस्तित्वात होत्या. वैयक्तिक संगणकांच्या बाबतीत मात्र हा प्रवास १९७० च्या दशकाच्या मध्यात, जवळजवळ शून्यापासून सुरू झाला.

== प्रारंभ आणि सीपी/एम ==

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या अल्टेअर ८८०० या संगणकाला पडदाही नव्हता आणि कळफलकही नव्हता. दर्शनी भागावरील खटके वरखाली करून त्यात एकेक आज्ञा भरावी लागे. इ.स. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल २, टीआरएस-८० व कमोडोर पेट या संगणकांत बेसिक ही भाषा कायमस्वरूपी स्मृतीत बसवलेली असे आणि संचालन प्रणालीची बरीचशी कामे तीच करी.

या काळातील सर्वांत महत्त्वाची कल्पना गॅरी किल्डाल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाची होती. त्यांनी इ.स. १९७४ मध्ये इंटेल ८०८० या मायक्रोप्रोसेसरसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची रचना वेगळी असल्याने एकावर लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. किल्डाल यांनी यंत्रावर अवलंबून असलेला भाग वेगळा काढून त्याला बायॉस असे नाव दिले. नवा संगणक आला की फक्त तेवढा भाग पुन्हा लिहायचा. उरलेली प्रणाली जशीच्या तशी राही. त्यामुळे वर्डस्टार, डीबेस २ यांसारख्या आज्ञावल्या अनेक उत्पादकांच्या यंत्रांवर चालू शकल्या.

== आयबीएम पीसी आणि डॉस ==

आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्याआधी प्रणालीसाठी कंपनीने किल्डाल यांच्या डिजिटल रिसर्चशी बोलणी केली होती. आयबीएमचे अधिकारी आले तेव्हा किल्डाल विमान उडवण्याची मौज घेत होते, ही आख्यायिका लोकप्रिय असली तरी ती त्यांनी स्वतः नाकारली होती. करार झाला नाही, एवढे खरे. मायक्रोसॉफ्टने सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीतील टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही प्रणाली घेतली, जुलै १९८१ मध्ये तिचे संपूर्ण हक्क ५०,००० डॉलरना विकत घेतले आणि आयबीएमला पीसी डॉस म्हणून पुरवली. पुढे आयबीएमने सीपी/एम-८६ हा पर्यायही ठेवला. पण तिची किंमत २४० डॉलर, तर पीसी डॉसची ४० डॉलर होती. ग्राहकाने काय निवडले हे सांगायला नको.

खरा निर्णायक मुद्दा करारातील एका तरतुदीत होता. तीच प्रणाली एमएस-डॉस या नावाने इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमशी सुसंगत संगणक बनवताच त्या प्रत्येक यंत्राबरोबर एमएस-डॉसही विकली जाऊ लागली. यंत्र कोणाचेही असो, प्रणाली मायक्रोसॉफ्टची, ही स्थिती येथून निर्माण झाली.

डॉस साधी होती: एका वेळी एकच आज्ञावली आणि आज्ञा टंकित करूनच द्यायच्या. फाईलचे नाव आठ अक्षरांत आणि विस्तार तीन अक्षरांत बसवावा लागे. इंटेल ८०८८ प्रोसेसर एकूण एक मेगाबाइट स्मृती हाताळू शके. त्यातील वरचा भाग पडदा व इतर यंत्रणांसाठी राखीव असल्याने आज्ञावल्यांना ६४० किलोबाइटच उरत. मार्च १९८३ मधील डॉस २.० ने हार्ड डिस्क आणि फोल्डरांची उतरंड आणली. आज्ञांचे पर्याय दर्शवण्यासाठी उजवीकडे झुकणारी तिरपी रेघ आधीच वापरात असल्यामुळे फोल्डरांच्या मार्गासाठी उलटी तिरपी रेघ घ्यावी लागली. ती आजच्या विंडोजमध्येही आहे. हार्ड डिस्कला 'सी' म्हणण्याची पद्धतही अशीच जुनी: ड्राइव्हला अक्षर देण्याची रीत सीपी/एमकडून आलेली, आणि पहिली दोन अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली.

== चित्ररूप प्रणाली ==

माउस, खिडक्या व चित्रचिन्हे यांचा वापर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अल्टो या संगणकावर इ.स. १९७३ पासून होत होता. ॲपलने जानेवारी १९८३ मध्ये लिसा हा संगणक आणला. ९,९९५ डॉलर ही त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. २४ जानेवारी १९८४ रोजी सादर झालेला मॅकिंटॉश २,४९५ डॉलरचा होता. त्याने आज्ञा पाठ करण्याची गरज संपवली, मात्र १२८ किलोबाइट स्मृतीत तो कायम अडखळत असे.

मायक्रोसॉफ्टची विंडोज १.० नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. ती स्वतंत्र प्रणाली नव्हती. डॉसवर चढवलेला थर होता आणि तिच्यातील खिडक्या एकमेकींवर न येता फरश्यांसारख्या शेजारीशेजारी मांडल्या जात. मे १९९० मधील विंडोज ३.० पासून तिला व्यापक यश मिळाले. मॅकिंटॉश आणि विंडोज ३ या दोहोंत एक उणीव समान होती. चालू आज्ञावलीने आपण होऊन प्रोसेसर सोडला तरच दुसरीला संधी मिळे. एक आज्ञावली अडकली की बहुधा सारा संगणकच गोठे आणि न साठवलेले काम जाई.

हा दोष दूर करण्यासाठी पायाच बदलणे आवश्यक होते. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी नव्याने लिहिली. ती जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. घरगुती ग्राहकांसाठी २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने स्टार्ट बटण व लांब फाईलनावे दिली, परंतु डॉसचा वारसा तिच्यात शिल्लक होता. इ.स. २००१ मधील विंडोज एक्सपीने घरगुती वापरकर्त्यांनाही एनटीच्या पायावर आणले. ॲपलला स्वबळावर असा बदल जमला नाही. स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेऊन तिच्या युनिक्सवर आधारित प्रणालीतून मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन साकारली.

== मुक्त प्रणाली ==

रिचर्ड स्टॉलमन यांनी इ.स. १९८३ मध्ये मुक्त प्रणालीसाठी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यात गाभा, म्हणजे कर्नल, तयार नव्हता. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी इ.स. १९९१ मध्ये लिहिलेल्या लिनक्सने ती जागा भरली. डेबियन (१९९३) व उबुंटू (२००४) ही तिची प्रसिद्ध रूपे होत. सी-डॅकने भारतीय वापरासाठी बॉस हे रूप विकसित केले. सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन यांत लिनक्सचा गाभा सर्वत्र पोहोचला, टेबलावरील संगणकावर मात्र तिचा वाटा लहानच राहिला.

== देवनागरी आणि मराठी ==

डॉसच्या काळातील संगणक ॲस्की या संकेतावर आधारलेले होते आणि त्यात देवनागरीला स्थान नव्हते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान हा त्यावरील उपाय होता: संगणकात एक वेगळे कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. भारतीय मानक ब्युरोने इ.स. १९९१ मध्ये इस्की या संकेताला मानकाचा दर्जा दिला.

विंडोज ३ व ९५ च्या काळात मात्र वेगळीच वाट रूढ झाली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले टंक वापरले जाऊ लागले. कागदावर मजकूर सुबक छापला जाई, परंतु संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग असे. तोच टंक नसलेल्या संगणकावर फाईल वाचता येत नसे; शब्द शोधणे किंवा अकारविल्हे लावणेही शक्य नव्हते. त्या काळात टंकित झालेला बराच मराठी मजकूर परिवर्तकाविना आज वाचता येत नाही.

विंडोज २००० मध्ये युनिकोडच्या आधारे देवनागरी प्रणालीच्या स्तरावरच उपलब्ध झाली आणि मराठी व कोकणी या भाषांची नोंद स्वतंत्रपणे झाली. जोडाक्षरांची मांडणी, र्‍हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाखवणे, 'वाऱ्या' या शब्दातील खास मराठी अर्धा र उमटवणे ही कामे आता आज्ञावलीऐवजी प्रणाली करू लागली. युनिकोडमधील एकाच मजकुराचा अर्थ विंडोज, मॅक व लिनक्स यांवर एकच राहतो.

== प्रणालीचे आयुर्मान ==

इंटरनेटमुळे प्रणाली ही एकदा विकत घेण्याची वस्तू न राहता सतत दुरुस्त होणारी सेवा बनली. विंडोज एक्सपीचे समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, तरी असंख्य कार्यालयांत ती चालूच राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरातील अद्ययावत न केलेल्या संगणकांना ग्रासले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक ठरवण्यात आला. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे यांत्रिकदृष्ट्या सुस्थितीत असलेले अनेक संगणक नव्या विंडोजसाठी अपात्र ठरले असून, शुल्क भरून वा अन्य अटींवर मिळणारी मर्यादित मुदतवाढ, लिनक्सचा स्वीकार किंवा नवे यंत्र हे पर्याय त्यांच्या मालकांपुढे उरले आहेत.