भिंत न भेदणारा पंप

पंपाचे काम करतो तो इंपेलर, म्हणजे पाण्यात फिरणारे पात्यांचे चाक. ते फिरले की पाणी कडेला फेकले जाते, मध्यभागी दाब कमी होतो आणि तिथे नवे पाणी ओढले जाते. मोटर मात्र कोरडीच राहायला हवी. दोघांमधली भिंत ओलांडून गती पोचवायची कशी, याची दोन उत्तरे आहेत.

शेतातल्या मोनोब्लॉकमध्ये मोटरचा शाफ्टच भिंतीतून आरपार जातो आणि त्याच्या टोकाला इंपेलर बसतो. ही थेट जोडणी दणकट असते. उंच टाकीत पाणी चढवायला तीच सोयीची. पण शाफ्टसाठी भोक आले आणि भोकासाठी सील आले. मेकॅनिकल सीलच्या दोन गुळगुळीत चकत्या मिनिटाला हजारो फेरे एकमेकींवर घासतात. त्यांना वंगण असते ते पाण्याच्या अतिपातळ थराचेच. पंप कोरडा चालला की चकत्या तापतात, झिजतात आणि गळती लागते.

चुंबकीय पंपात भोकच नसते. मोटरच्या शाफ्टवर चुंबकांचे एक कडे, इंपेलरला जोडलेले दुसरे आणि दोहोंमध्ये सर्व बाजूंनी बंद कवच. बाहेरचे कडे फिरले की आतलेही फिरते. तीव्र आम्लाचा थेंबही बाहेर पडता कामा नये अशा ठिकाणी हे मोलाचे ठरते. भार फार वाढला तर चुंबकांची पकड सुटते. कवच धातूचे असेल तर त्यात भोवरी प्रवाह निर्माण होऊन काही ऊर्जा उष्णतेत वाया जाते. आतल्या बेअरिंगांना वंगण त्याच द्रवाचे, म्हणून हा पंपही कोरडा चालवू नये. गाळ आणि लोखंडाचा कीस त्याचे वैरी.

कूलरच्या पाण्यात बुडवून ठेवतात त्या छोट्या पंपात बहुधा हेच तत्त्व आणखी साधे झालेले असते. पुढचे झाकण काढून इंपेलर ओढला, तर किंचित अडत हाती येतो. त्याच्या मागे दंडगोल चुंबक असतो. बंदिस्त वेटोळ्यांचे क्षेत्र भिंतीपलीकडून त्यालाच फिरवते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो मिनिटाला ३,००० फेरे घेतो आणि सुरू होताना कोणत्याही दिशेने फिरू शकतो. म्हणूनच त्याची पाती सरळ असतात.

गढूळ पाणी उंच चढवायचे असेल तर थेट शाफ्ट घ्यावा. द्रव स्वच्छ पण घातक असेल, तर चुंबक.