एचआयव्हीबाधितांमधील मुखाचा बुरशीसंसर्ग : एक परिचय

प्रस्तावना :
५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या रोगाची ही पहिली शास्त्रीय नोंद होय. या पाचही रुग्णांना फुफ्फुसाच्या दुर्मीळ विकारासोबत कॅन्डिडा या बुरशीचाही संसर्ग होता.

कारणे :
‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ ही एकपेशीय बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात असते व उपद्रव करीत नाही. एचआयव्ही विषाणू सीडी-४ पेशींचा नाश करतो. एका घनमिलिमीटर रक्तातील त्यांची संख्या २०० च्या खाली गेली की हा संसर्ग विशेषत्वाने आढळतो.

लक्षणे :
जीभ, टाळू व गालाच्या आतील बाजूस दह्यासारखे पांढरे थर दिसतात. ते पुसल्यास निघतात व खाली लालसर भाग दिसतो. काहींना केवळ लाल चट्टे पडतात, तर काहींच्या ओठांचे कोपरे चिरतात. गिळताना वेदना होत असल्यास संसर्ग अन्ननलिकेत पोहोचल्याची शक्यता असते. हे गंभीर लक्षण आहे.

उपचार :
आपल्याकडे ‘तोंड आले’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेण्याची पद्धत आहे. त्यांनी ही बुरशी जात नाही. क्लोट्रिमॅझोल, निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोल ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने, साधारणतः ७ ते १४ दिवस घ्यावी लागतात. मात्र एआरटी उपचाराने प्रतिकारशक्ती सुधारली नाही, तर संसर्ग पुन्हा उद्भवतो. भारतात शासनाची मोफत एआरटी योजना १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली.

शिक्षकांची भूमिका :
तोंडातील पांढरा थर म्हणजे एचआयव्ही, असा निष्कर्ष कोणीही काढू नये. तान्ही बाळे, मधुमेही, कवळी वापरणारे, दम्याचा स्टिरॉइड पंप घेणारे यांनाही हा विकार होतो. निदान रक्तचाचणीनेच होते. ती सरकारी केंद्रांत मोफत व गोपनीय असते. १०९७ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला असून शिक्षण व नोकरीतील भेदभावास त्याने मनाई केली आहे.

समारोप :
विद्यार्थ्याचा संकोच दूर करून त्याला वेळेवर डॉक्टरांकडे पाठविणे आणि त्याची गोष्ट शिक्षककक्षात न बोलणे, ही दोन्ही शिक्षकाचीच कर्तव्ये होत.